कमी ऐकू येणाऱ्या वडिलांना एकट्याने प्रवासाला पाठवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७१ वर्षांचे, नागपूरला राहतात. दोन्ही कानांना मशीन आहे, ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, दोन्हीकडे साधारण ६५ डेसिबलची घट. आजवर प्रत्येक प्रवासात आई बरोबर असायची, आता आई नाही. बाबांना आधी रेल्वेने पुण्याला मुलाकडे यायचंय आणि काही दिवसांनी मुंबईहून फ्रँकफर्टला मुलीकडे जायचंय, दोन्ही वेळा एकट्याने. भाऊ म्हणतो अजिबात नको. बहीण, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या ताई, म्हणतात जाऊ दे. शिवाय त्यांनी जाता जाता एक प्रश्न टाकलाय: भाची जन्मापासून बधिर आहे, खुणांच्या भाषेत बोलते, २२ व्या वर्षी मैत्रिणींबरोबर हिमाचल फिरून आली. तिची कुणाला फारशी काळजी वाटली नाही, मग बाबांचीच का वाटते?

ताई, हा जाता जाता टाकलेला प्रश्नच खरा प्रश्न आहे. कान तपासून मशीन बसवण्याच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. प्रवासात घोटाळा झाला म्हणून माझ्याकडे येऊन सांगणारे बहुतेक सगळे उतारवयात ऐकू कमी झालेले असतात, जन्मापासून बधिर असलेले फार क्वचित. कारण साधं आहे. तुमच्या भाचीने आयुष्यात कधी घोषणेची वाट पाहिलेली नाही. स्टेशनात शिरली की तिची नजर आधी इंडिकेटरवर जाते, मग लोक कुठे सरकतायत तिकडे. काही विचारायचं तर ती फोनवर लिहून समोर धरते. न कळलेलं कळल्यासारखं दाखवून तिचं भागत नाही, म्हणून ती ते करतही नाही. बाबांनी साठेक वर्षं कानांच्या भरवशावर काढली. कान कमी झाले तेव्हा मशीन आलं, आणि मशीनला जे जमलं नाही ते आईने केलं.

म्हणून तिकीट काढण्याआधी बाबांबरोबर बसून एवढंच आठवा, की प्रवासात आई काय काय ऐकायची. गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते ती ऐकायची. टीसी काय म्हणाला ते घरी बोलतो त्या लयीत पुन्हा सांगायची. रिक्षावाल्याने किती मागितले, हॉटेलच्या दारावर कुणी टकटक केली, विमानात हवाई सुंदरीने काय विचारलं, रात्री मशीन काढून ठेवल्यावर डब्यात कसला गलका झाला, हे सगळं तिच्याकडे होतं. यातलं एकेक काम आता डोळ्यांकडे, कागदाकडे किंवा फोनकडे सोपवायचं आहे. बाकी सल्ला यातूनच निघतो.

आधी सगळ्यात मोठी अडचण, आणि ती कानाची नाही. मान डोलावण्याची आहे.

६५ डेसिबलचा माणूस शांत खोलीत, समोरासमोर, मशीन घालून छान गप्पा मारतो. म्हणून तर घरच्यांना वाटतं, आता काही काळजी नाही. फलाटावर तेच मशीन गर्दीचा कालवा, इंजिनाची घरघर आणि भोंग्यातली घोषणा सगळंच मोठं करून कानात ओततं. त्यात या वयातल्या श्रवणदोषात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ असली व्यंजनं निसटतात आणि स्वर तेवढे शिल्लक राहतात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो. पंचावन्न की पंच्याहत्तर हे तर धडधाकट कानालाही गोंगाटात कळत नाही. अशात टीसी येतो, हिंदीत भरभर सांगतो की तुमची जागा पलीकडच्या डब्यात दिली आहे. बाबा ‘हां हां’ म्हणतात, हसतात, टीसी पुढे जातो. थोड्या वेळाने एक कुटुंब सामान घेऊन त्यांच्या बर्थसमोर उभं राहतं आणि वादाला तोंड फुटतं. बाबांची चूक एवढीच, की पुन्हा विचारायला त्यांना संकोच वाटला. चारचौघांत दोनदा ‘काय?’ म्हणायची लाज फार जुनी आहे, मशीन लावल्याने ती जात नाही.

यावर उपाय म्हणून लोक ‘मला ऐकू येत नाही’ असं सांगायला शिकवतात. तेवढ्याने काम होत नाही. हे ऐकलं की समोरचा कानाजवळ येऊन ओरडतो. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, वर मशीनमधून तो आवाज फाटून येतो. कानाजवळ आल्यावर ओठही दिसत नाहीत. बाबांना नेमकं वाक्य पाठ करायला लावा: ‘मला कमी ऐकू येतं, समोर उभं राहून सावकाश बोला.’ आकड्यांसाठी दुसरं: ‘नंबर बोटांवर दाखवा.’ आणि तिसरी सवय म्हणजे ऐकलेलं उलट सांगून खात्री करणं. ‘फलाट कुठला?’ असं पुन्हा विचारू नये, ‘फलाट पाच, बरोबर?’ असं विचारावं. समोरच्याला नुसती मान हलवायची असते आणि बाबांना ती दिसते. हिंदीतही हीच वाक्यं घोटून घ्या. नागपूरकराला ते अवघड नाही.

काचेमागच्या खिडकीवर मात्र वाक्यांचा उपयोग नाही. आतला माणूस संगणकाकडे बघत बोलतो, काचेवर उजेड पडून चेहरा दिसत नाही. तिथे कागद सरळ. गाडीचं नाव, तारीख आणि काय हवंय ते घरूनच ठळक लिहून न्यावं.

फोनवर गुगलचं ‘लाईव्ह ट्रान्स्क्राइब’ घालून द्या. समोरच्याचं बोलणं ते अक्षरांत उमटवतं, मराठी, हिंदी आणि जर्मन तिन्ही चालतात. काउंटरवर, डॉक्टरकडे, हॉटेलात त्याचा खरोखर आधार होतो. फलाटावरच्या गोंगाटात ते बावचळतं, आणि दोन स्टेशनांमध्ये नेट गेलं की थांबू शकतं. फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरावा लागतो हे बाबांना आधी करून दाखवा. नाहीतर ते स्वतःच्या छातीशी धरतील आणि पडद्यावर स्वतःचंच बोलणं वाचतील.

आता नागपूर–पुणे. इथे गाडी निवडतानाच अर्धी काळजी मिटवता येते. मी माझ्या पेशंटांना सांगतो, शक्यतो जिचं शेवटचं स्टेशन तेच तुमचं स्टेशन आहे अशी गाडी घ्या. हावड्याहून येणारी आझाद हिंद एक्सप्रेस पुण्यातच संपते, गाडी रिकामी होताना झोपलेला माणूसही जागा होतो. महाराष्ट्र एक्सप्रेस मात्र पुण्याहून पुढे कोल्हापूरपर्यंत जाते, डोळा लागला तर सकाळ भलत्याच गावात. सगळ्यात बरी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत. दिवसाची गाडी, बसून प्रवास, म्हणजे मशीन काढून झोपायचा प्रश्नच नाही. डब्यातल्या पडद्यावर पुढचं स्टेशन दिसत राहतं. बारा तास बसणं कंबरेला जड जातं हे खरं, पण मी तरीही हीच सुचवेन. एकच ताकीद द्या: मधल्या स्टेशनवर पाय मोकळे करायला उतरायचं नाही. दारं आपोआप बंद होतात, आणि त्याची सूचना कानानेच घ्यायची असते. भुसावळच्या फलाटावर उभं राहून आपली गाडी जाताना पाहणं कुणालाच नको.

रात्रीची गाडीच घ्यावी लागली, तर हे तीन मुद्दे. मशीन काढल्यावर बाबांना साधं बोलणं जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि नेमकं तेव्हाच डब्यात कुणी हलवून उठवलं तर माणूस घाबरून जातो. म्हणून झोपण्याआधी समोरच्या बर्थवरच्या प्रवाशाला आणि टीसीला सांगून ठेवायचं: ‘रात्री मी मशीन काढतो, उठवायचं असेल तर खांद्याला हात लावा.’ लोक मदत करतात. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. दुसरं म्हणजे गजर. घड्याळाचा गजर लावून उपयोग नाही, कारण गाडी उशिरा धावते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ या अ‍ॅपमध्ये स्टेशन जवळ आलं की वाजणारा गजर लावता येतो, आणि ते मोबाईल टॉवरवरून जागा ओळखत असल्याने नेट नसलं तरी चालतं. फोन उशाखाली ठेवला तरी गाडीच्या हादऱ्यांत त्याची थरथर कळत नाही. मनगटावर थरथरणारं साधं स्मार्टवॉच घ्या, त्यात फोनच्या सूचना येतात याची खात्री घरी झोपवूनच करा.

तिसरा मुद्दा काढलेलं मशीन ठेवायचं कुठे हा. खिडकीजवळच्या फळीवर नको, जाळीत नको, चादरीखाली तर नकोच. सकाळी बेडरोल गोळा करणारा पोरगा चादर झटकून नेतो आणि मशीन तिच्यात गुंडाळून जातं. असं गेलेलं मशीन परत मिळाल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. मशीनबरोबर आलेली कडक डबी दोरीने गळ्यात, किंवा गुंडीच्या खिशात. कागदाच्या रुमालात गुंडाळणं तर कायमचं बंद, तो रुमाल कचऱ्यातच जातो.

फलाट ऐन वेळी बदलला तर ती घोषणाच असते, आणि हा रेल्वेतला सगळ्यात वाईट प्रकार. रेल्वेच्या ‘एनटीईएस’ अ‍ॅपवर गाडीचा अपेक्षित फलाट दिसतो, पण ऐनवेळचा बदल तिथे वेळेवर येईलच असं धरू नका. खरा इंडिकेटर म्हणजे माणसं. सामान घेतलेली गर्दी अचानक जिन्याकडे वळली की लगेच शेजाऱ्याला तिकीट दाखवून विचारायचं. भाची हे आपसूक करते. बाबांना सांगावं लागेल. प्रवासात तक्रार किंवा मदत हवी असेल तर १३९ वर फोन करत बसण्यापेक्षा ‘रेलमदद’ अ‍ॅपवर लिहावं. उत्तर लेखी येतं, पुढे दाखवताही येतं.

सवलतीबद्दल सगळीकडे गैरसमज आहे म्हणून स्पष्ट लिहितो. रेल्वेची ५० टक्के सवलत ऐकू आणि बोलता, दोन्ही अजिबात न येणाऱ्या प्रवाशांना आहे, तीही सेकंड, स्लीपर आणि फर्स्ट क्लासला, बरोबरच्या एका सोबत्यासकट. एसी डब्यांना नाही. बाबा व्यवस्थित बोलतात, तेव्हा नुसत्या श्रवणदोषावर त्यांना रेल्वेत काही मिळणार नाही. भाची या व्याख्येत बसत असेल तर सरकारी डॉक्टरांचं रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र करून घ्यावं, मग ऑनलाइन तिकीट सवलतीत निघतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबल म्हणजे बधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारे, अशी विभागणी आहे. बाबांचे आकडे दुसऱ्या गटात येतात, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज जरूर करा. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त आले तर एसटीच्या साध्या गाडीला ७५ टक्के सूट मिळते. पण मी ते कार्ड पैशांसाठी कमी आणि पुराव्यासाठी जास्त मानतो. विमानतळावर किंवा पोलिसांसमोर दहा वाक्यांचं काम ते एका नजरेत करतं.

एसटीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण पुण्यात आल्यावर बाबा कोकणात किंवा कोल्हापूरला जाणारच. एसटीत गोंधळ होतो तो चहाच्या थांब्यावर. कंडक्टर दारातून ‘दहा मिनिटं’ म्हणून उतरतो. बाबांना ते दहा की वीस कळत नाही, आणि परत येतात तेव्हा एकसारख्या चार गाड्या उभ्या. उतरण्याआधी कंडक्टरला बोटांवर मिनिटं विचारायची आणि उतरल्यावर गाडीच्या मागच्या नंबरपाटीचा फोटो काढायचा. बसायची जागा दाराच्या बाजूला, कंडक्टरच्या नजरेत. मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी शोधायला येत नाही.

आता विमान. भावाला वाटतं तसं हे जास्त कठीण नाही. उलट एका बाबतीत सोपं आहे: मुंबईसह बहुतेक मोठ्या विमानतळांवर बोर्डिंगच्या सर्वसाधारण घोषणा बंद झाल्या आहेत. सगळ्यांनीच पडदे बघायचे. ऐकू येणाऱ्यांनी यावर कुरकुर केली, माझ्या पेशंटांना मात्र पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीने वागवल्यासारखं झालं. गेट बदलणं, गटागटाने विमानात सोडणं हे मात्र अजून गेटवरच्या माइकवरून किंवा तोंडी सांगतात. म्हणून गेटवर पोहोचताच तिथल्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून सांगायचं, ‘मला कमी ऐकू येतं, माझी वेळ आली की हात करा’, आणि त्यांच्या समोरच्या रांगेत बसायचं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पडद्याकडे एक नजर.

तिकीट काढताना विशेष मदतीच्या रकान्यात ‘डेफ’ ही नोंद टाका. विमान कंपन्यांच्या आरक्षणात त्यासाठी ठरलेला संकेतच असतो. निदान ४८ तास आधी कळवलेलं असावं. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या ११०७ क्रमांकाच्या नियमातही हीच मुदत आहे, आणि त्या नियमानुसार फ्रँकफर्ट विमानतळावरची मदत मोफत मिळते. परतीचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर हे पुन्हा कळवावं लागतं, ते बहुतेक जण विसरतात.

इथे एक सावधगिरी. ‘डेफ’ म्हणून नोंद केली तरी दारात व्हीलचेअर घेऊन माणूस उभा असतो. आपल्याकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांसाठी चालता येत असूनही व्हीलचेअर मागवायची पद्धत पडली आहे, इमिग्रेशनपासून गेटपर्यंत सोबत मिळते म्हणून. कमी ऐकू येणाऱ्यासाठी मला ती पसंत नाही. खुर्ची ढकलणारा मागे असतो, म्हणजे त्याचा चेहरा दिसत नाही. मध्येच तो बाबांना एका कोपऱ्यात लावून ‘अभी आता हूँ’ म्हणून जातो. ते ऐकू आलेलं नसतं, आणि समोर पडदा नसला तर उठून बघायला जायचीही चोरी. गुडघे दुखत असतील तर घ्या जरूर. नाहीतर ‘खुर्ची नको, बरोबर चला’ असं बाबांनी ठामपणे सांगावं. बंगळूर आणि दिल्लीच्या विमानतळांवर सूर्यफुलांची हिरवी फीत मिळते. न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी ही पद्धत २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. गळ्यात ती असली की कर्मचारी जरा थांबून बोलतात.

सुरक्षा तपासणीत कानातली मशीनं काढावी लागत नाहीत. दारातून जाताना घालूनच जायचं. काढून ट्रेमध्ये टाकली तर एक तर ती हरवतील, आणि जवानाने ‘हात वर करा, मागे वळा’ म्हटलेलं कळणार नाही. जवानाकडे पाहून कानाकडे बोट दाखवलं की पुरतं. तुमच्या ओळखीत कुणाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असेल तर त्यांचं थोडं वेगळं. त्वचेखाली चुंबक असल्याने हातातलं यंत्र डोक्याजवळ आलं की वाजतं, त्यांनी इम्प्लांटचं ओळखपत्र हातातच ठेवावं.

विमानातही मशीन बंद करायची गरज नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकला की मशीनशी जोडलेलं ब्लूटूथ तुटू शकतं, ते पुन्हा चालू करायचं बाबांना शिकवा. आसन असं घ्या की बरा कान वाटेच्या बाजूला येईल, आणि पंखाच्या पुढे, तिथे घरघर जरा कमी असते. डोकं मागे टेकलं की मशीन शिट्टी मारतं. बाबांना ती ऐकू येत नाही, शेजाऱ्याला येते, म्हणून हेही आधीच सांगून ठेवा. विमान उतरू लागतं तेव्हा, म्हणजे पोहोचण्याच्या साधारण अर्धा तास आधी, झोपू नये, आवंढे गिळत राहावं, गोळी चघळावी. कानात घट्ट मोल्ड, म्हणजे मशीनचा कानाच्या मापाचा साचा, असेल आणि दडे बसले तर तो क्षणभर सैल करावा. सर्दी असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर निघण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमान घ्या. आखातात बदलून जाणारं स्वस्त पडतं, पण परक्या विमानतळावर मध्यरात्री गेट शोधणं, तेही आई नसताना, पहिल्या खेपेला नको. दुसऱ्या खेपेला खुशाल.

फ्रँकफर्टला खरी कसोटी इमिग्रेशनची. काचेमागचा अधिकारी परक्या उच्चाराच्या इंग्रजीत मुख्यतः तीन गोष्टी विचारतो: कशासाठी आलात, किती दिवस, राहणार कुठे. तुम्ही तिथेच राहता, तेव्हा या तिन्हींची उत्तरं आणि वर ‘मला कमी ऐकू येतं, कृपया लिहून विचारा’ हे वाक्य जर्मन आणि इंग्रजीत ठळक अक्षरांत एका पानावर छापून पाठवा. खाली तुमचा पत्ता आणि नंबर. पासपोर्टबरोबर ते पान पुढे सरकवायचं, बोलायला सुरुवात होण्याआधी. विमा काढताना मशीन हरवलं किंवा बिघडलं तर भरपाई आहे का ते नेमकं विचारा. नेहमीच्या प्रवास विम्यात दवाखान्याचा खर्च असतो, मशीनचा धरूनच चालू नका. ती दोन मशीनं कधीकधी तिकिटापेक्षा महाग असतात. जर्मनीत पोहोचल्यावर त्यांच्या फोनवर ‘नोरा’ हे आपत्कालीन मदतीचं अधिकृत अ‍ॅप घालायचा प्रयत्न करा, त्यातून न बोलता, लिहून मदत मागवता येते. इकडे भारतात ‘११२ इंडिया’ अ‍ॅप आहे, ते बाबांच्या आणि भाचीच्याही फोनवर नोंदणी करून ठेवा.

सामानाचं बघू. मशीन सेलचं की चार्जिंगचं हे तुम्ही लिहिलेलं नाही. सेलचं असेल तर त्यांचा रंग पाठ असावा: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. परदेशात दुकानात बोलावं लागत नाही, रिकामी पट्टी दाखवली की झालं. हे सेल हवेवर चालतात. वरचं स्टिकर काढलं की सेल सुरू, आणि ते परत चिकटवून तो वाचत नाही, कितीही वेळा सांगितलं तरी आपल्याकडचे काटकसरी आजोबा ते चिकटवतातच. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तसाच ठेवून मग मशीनमध्ये घालावा, जास्त टिकतो. सुटे सेल नाण्यांबरोबर खिशात टाकायचे नाहीत. विमानातल्या आणि युरोपातल्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ते लवकर वाळतात, तेव्हा नेहमीच्या दीडपट घ्या. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जर हातातल्या बॅगेत, पॉवर बँकही तिथेच, कारण ती मोठ्या सामानात चालत नाही. जर्मनीतल्या भिंतीला दोन गोल पिना लागतात.

परगावी मशीन ‘बंद पडतं’ ते बऱ्याचदा बिघडलेलं नसतं, टोकाच्या बारीक जाळीत मळ अडकलेला असतो. निघण्याच्या आठवडाभर आधी कान साफ करून घ्या, जादा जाळ्या घ्या आणि त्या बदलायचा सराव बाबांच्याच हातून करवून घ्या, चष्मा लावून, दिव्याखाली. मशीन बसवून देणारा एक मिनिटात करून दाखवतो. करून दाखवणं वेगळं, थरथरत्या बोटांनी जमणं वेगळं. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांची डबी हवीच, रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन तिच्यात. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला ते लागू नाही.

हॉटेलचं एकच सांगतो. रात्री आगीचा भोंगा वाजला तर बाबांना कळणार नाही, म्हणून खोली खालच्या मजल्यावर, जिन्याजवळ मागायची आणि काउंटरवर लेखी नोंद करायची की संकटात किल्लीने दार उघडून आत या. खोलीतला इंटरकॉम त्यांच्या कामाचा नाही, काउंटरचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घ्यावा.

भाचीबद्दल दोन शब्द. तिला मी प्रवासाचं काही शिकवावं असं नाही. फक्त मावशीकडे जर्मनीला येणार असेल तर हे सांगा, की आपली भारतीय सांकेतिक भाषा तिथे चालत नाही, जर्मनांची वेगळी आहे. बधिर माणसं परदेशातल्या बधिरांशी ऐकू येणाऱ्यांपेक्षा लवकर जुळवून घेतात, तो भाग निराळा. पण माझं तिच्याकडे एक काम आहे. आजोबांची तालीम तिच्याकडे द्या. एका रविवारी दोघांना नागपूर स्टेशनवर पाठवा, आजोबांची मशीनं डबीत बंद, आणि तिच्यामागे तासभर फिरायला लावा: इंडिकेटर वाचणं, चहावाल्याशी पैशांचा व्यवहार, चौकशी खिडकीवर चिठ्ठी. त्यांना आधी राग येईल, कारण नातीपुढे अडाणी ठरणं कुणाला आवडतं? मग वर्ध्यापर्यंत पॅसेंजरने जाऊन या म्हणावं, या वेळी आजोबा पुढे आणि ती मागे, मध्ये पडायचं नाही. तिथून ते स्वतःहून परत घेऊन आले, की पुण्याचं तिकीट काढा. फ्रँकफर्टचं त्यानंतर महिनाभराने.